कोंबडीला जिना चढवेल का?

मंगळवार, चौदा तारीख
(वार मी सांगितला, तारीख तुझ्या आईने भिंतीवर बघून घातली.)

चिरंजीव पिटुकलीस,

आजीचा तोंडी आशीर्वाद, तुझ्या आईच्या हातचा. इकडे मी बरी आहे. गुडघे त्यांच्या मर्जीने आहेत. तुझा बाप दिवसभर लोकांच्या बंद लिफ्टी चालू करतो आणि घरी आला की स्वतः बंद पडतो. तू केलेली कवळी छान बसली. हे पत्र मी तिनेच बोलते आहे, तेव्हा एखादा शब्द निसटला तर दोष कवळी करणारीचा.

तुझ्या आईला आधीच बजावलं आहे. मी बोलेन ते सगळं लिहायचं. गाळायचं नाही, पदरचं घालायचं नाही आणि "आई, हे कशाला?" असं मध्ये म्हणायचं नाही. ती म्हणाली, "आई, हे कशाला?" लिहिलंस का गं? लिहिलं म्हणते.

तुझं पत्र शनिवारी आलं. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू गिळतेस, त्यामुळे पत्र लिहितेस ते बरं करतेस. तुझ्या आईने रविवारी वाचून दाखवलं. तुझ्या खोलीमागे मोकळं परसू आहे, आपल्या चारही कोंबड्या तिकडे आणल्या तर कसं, आणि त्यांचं काय काय करावं लागतं, अशी भली मोठी चौकशी! लहानपणी तू खुराड्यापाशी नाक धरून उभी राहायचीस. आता एकदम कोंबड्यांचा एवढा पुळका! असो, विचारलंस तर सांगते. मला कुणी काही विचारलं की मी फार वेळ गप्प बसत नाही, हे तुला माहीत आहेच.

कोंबडा नसला तर कोंबडी अंडी देते का, हा तुझा पहिला प्रश्न. देते. अंड्याला कोंबडा लागत नाही, पिल्लाला लागतो. कोंबड्याला मात्र वाटतं, सूर्यापासून अंड्यापर्यंत सगळं आपल्या ओरडण्यामुळेच बाहेर पडतं. आपला कोंबडा बागेतल्या माळ्याला देऊन टाकला तेव्हा या चौघींनी एक दिवस मान वर करून इकडे तिकडे पाहिलं, दुसऱ्या दिवशी कामाला लागल्या.

अंडी धुवायची का? नाही. अंड्याच्या अंगावर जन्मतःच पातळसं काहीतरी असतं, डोळ्यांना दिसत नाही. धुतलं की ते जातं आणि बाहेरची घाण आत शिरते. कोरड्या फडक्याने पुसून ठेवायचं. शिळं की ताजं कळत नसेल तर पाण्यात सोड. आडवं होऊन तळाशी बसलं तर ताजं. तळाशीच पण उभं राहिलं तर आज-उद्या संपव. तरंगलं तर लांब नेऊन टाक, आणि तेव्हा मात्र खुशाल नाक धर.

कवच मऊ येत असेल तर अंड्यांची टरफलं वाळवून, अगदी बारीक चुरून त्यांच्या खाण्यात मिसळ. बारीक म्हणजे बारीक. टरफल ओळखू आलं तर तिला चव कळते आणि मग ती आपलीच अंडी फोडून खाते. खाऊ द्यावं, पण कुठून आलं ते कळू देऊ नये. या घरात ही रीत सगळ्यांनाच चांगली जमते.

तुझी आई म्हणते, "आई, हा टोमणा आहे का?" मी म्हटलं, टरफलांबद्दल बोलते आहे. पुढे लिही.

आता तुझे पुढचे प्रश्न. ते जरा नवीन पद्धतीचे होते, पण मी विचार करून उत्तरं काढली आहेत.

कोंबडीला जिना चढवेल का, असं विचारलंस. दोन-तीन पायऱ्या असतील तर चढते. मध्ये थांबते, इकडे तिकडे बघते, आपण थकलो नाही, नुसता देखावा पाहतो आहोत असं दाखवते. घाई केली तर उलटी खाली येते.

कोंबडीला धरायला भिंतीला दांडा बसवावा का? अवश्य. कोंबडी झोपते ती दांड्यावरच. तो फार गोल आणि बारीक नको, चपटा नि रुंद हवा, म्हणजे बोटं नीट टेकतात आणि थंडीत पोटाखाली झाकून घेता येतात. न्हाणीघरात कशाला बसवायचा हे मला कळलं नाही, पण तुझी कोंबडी, तुझं न्हाणीघर.

कोंबडी रात्री किती वेळा उठते? एकदाही नाही. अंधार पडला की कोंबडीला दिसत नाही, उजाडेपर्यंत ती हलत नाही. रात्री उठणारी कोंबडी माझ्या पाहण्यात एकच आहे, आणि तिला दिव्याचं बटण बरोबर सापडतं.

कोंबडीला दूध पचतं का? चहात घातलेलं पचतं.

मी दिवसभर कामावर असते, कोंबडी एकटी राहील का? पिटुकले, कोंबडी एकटी ठेवू नये. दाणे दिले, पाणी दिलं, छप्पर दिलं तरी ती खंगते. तिला टोचायला कुणीतरी लागतं, आणि टोचून घ्यायलाही.

कोंबडी किती वर्षं जगते?

इथे तुझ्या आईची लेखणी थांबली आहे. "लिही," म्हटलं, "तिने विचारलंय, उत्तर द्यायला नको?" नीट ठेवली तर आठ-दहा वर्षं जगते, एखादी चिवट असली तर त्याहून जास्त. अंडी मात्र त्याच्या पुष्कळ आधी थांबतात. थांबल्यावर तिचं काय करायचं ते ज्याच्या त्याच्या घरावर असतं. आपल्या घरात अंडी थांबली म्हणून कुणाला बाहेर काढलेलं नाही. निदान आतापर्यंत.

आता इकडची बातमी. कोंबड्यांनी अंडी बंद केली आहेत. चौघींनीही. दिवस लहान झाले, पिसं गळायला लागली की बंद करतात, पण आता तसं काही नाही. त्यांचं चित्त थाऱ्यावर नाही. माझंही नाही. सकाळपासून मी खुर्ची मागच्या दारातून खिडकीत नेली, खिडकीतून पुन्हा दारात आणली. घरात रोज एक खोकं जास्त दिसतं. विचारलं तर तुझी आई म्हणते, वाळवी लागली म्हणून आवरते आहे. वाळवीने काचेच्या बरण्या कधीपासून खायला घेतल्या? परवा एक माणूस टेप घेऊन आला, परसू मोजून गेला. तुझा बाप म्हणाला, विजेच्या खात्याचा आहे. वीज काय आता फुटावर मोजून देतात? समोरच्या रांगेतल्या प्रत्येक दारावर आणि आपल्याही दारावर काहीतरी आकडा रंगवला आहे. आकडा मला वाचता येत नाही, पण ओल्या रंगाचा वास घ्यायला शाळेत जावं लागत नाही.

आणखी एक गोष्ट. तुझी आई औषधाच्या दुकानात काम करते. डॉक्टरांनी माशी शाईत बुडवून कागदावर सोडल्यासारखं लिहिलेलं असलं तरी ती घडाघडा वाचते. तुझं अक्षर गोल, मोत्यासारखं, असं सगळेच सांगतात. मग रविवारी ती प्रत्येक ओळीत एका ठिकाणी का अडखळत होती? दर वेळी एकाच ठिकाणी. एक श्वास, आणि मग "कोंबडी".

पिटुकले, तू काय लिहिलं होतंस गं तिथे?

तुझी आई खाली बघते आहे. हेही लिही, सूनबाई, मी काही रागावलेली नाही. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, आणि तू तर अख्खी सासू कोंबडीखाली झाकायला निघालीस. मला हसूच आलं होतं. न्हाणीघरातल्या दांड्याला तर मी कवळी धरून बसले होते.

ती हसत नाही. शेवटचं एक लिहून घेते आणि मग सोडते तिला.

आपली काळी सध्या खुडूक झाली आहे. तुला माहीत नसेल तर सांगते. खुडूक झालेली कोंबडी अंडी देत नाही आणि जागाही सोडत नाही. खाली अंडं असो नसो, दगड असो, ती बसून राहते. उचलून बाहेर ठेवली तर पिसं फुगवून परत तिथेच. अशा कोंबडीला दुसरीकडे न्यायचं असेल तर लोक अंधारात नेतात. तिला काही दिसत नाही, ती ओरडत नाही, सकाळी डोळे उघडते तेव्हा नवीन खुराड्यात असते. सोपं पडतं. कुणाला टोचून घ्यावं लागत नाही.

मला अंधारात हलवू नका, एवढंच

बुधवार

वरचं वाक्य अर्धं राहिलं आहे, कारण तुझी आई लेखणी ठेवून उठून गेली. जेवताना मीठ पुढे केलं, पाण्याचा पेला भरला, बोलली मात्र नाही. आज ती कामावर गेल्यावर मी शेजारच्या शिंपीणबाईंना बोलावलं. अक्षर बदललेलं दिसेल. ह्या प्रत्येक शब्द कापड बेततात तसा आधी मनात मोजतात, मग लिहितात, त्यामुळे मला श्वास घ्यायला वेळ मिळतो आहे.

शिंपीणबाई म्हणतात, "आजी, हे तुमच्या घरातलं आहे, मी कसं लिहू?" मी म्हटलं, "माझ्या सगळ्या पोलक्यांचं माप तुमच्याकडे आहे, आता घरातलं काय राहिलं?"

मला सगळं ठाऊक आहे. रस्ता रुंद होणार आहे, ही सगळी रांग पडणार आहे. शिंपीणबाईंना जे कळलं ते त्यांच्या शिलाई मशीनला कळलं, आणि भिंत पातळ आहे. तुझ्या आईबापाने त्या उंच इमारतीत सातव्या मजल्यावर जागा घेतली आहे. एक मोठी खोली, एक लहान. परसू नाही, कोंबड्यांना परवानगी नाही. म्हणून कोंबड्या तुझ्याकडे, आणि कोंबड्यांबरोबर त्यांची म्हातारी. हिशोब चुकीचा नाही. मी त्यांच्या जागी असते तर कदाचित हाच केला असता.

पण मी त्यांच्या जागी नाही, मी माझ्या जागी आहे. आणि ह्या सगळ्यात कुणी मला येऊन, खुर्ची ओढून, समोर बसून विचारलं नाही. कोंबडीला जिना चढवेल का, हे तू विचारलंस. कोंबडीला जिना चढायचा आहे का, हे कुणी विचारलं?

तुझ्याकडे यायला नको असं नाही गं. तुझी खोली चांगली असेल, परसात ऊन असेल. पण तू सकाळी दात घडवायला जाशील ती दिवेलागणीला येशील. दिवसभर मी भांडू कुणाशी? काळीशी?

आता खरं ते सांगते. शिंपीणबाई, हळू लिहा, मला घाई नाही.

नव्या जागी कोंबड्या आणल्या की पहिले काही दिवस त्यांना कोंडून ठेवतात. मग मोकळ्या सोडल्या तरी संध्याकाळी आपोआप तिथेच परत येतात. लोकांना वाटतं कोंबडीला अंगण कळतं, झाड कळतं. तसं काही नसतं. अंधार पडताना जिथे कुणीतरी येऊन दार लावतं, तेवढंच तिला कळतं. घर म्हणजे तेवढंच.

तुझी आई संध्याकाळी येते. आधी चपला काढते, डावी नेहमी उलटी पडते. मग पिशवी ठेवते. मग स्वयंपाकघरात जाऊन म्हणते, "आई, गॅस पुन्हा मोठाच ठेवलात." तू जन्मायच्या आधीपासून हे चाललं आहे. गॅस मी बारीक करू शकते. मुद्दाम करत नाही. ते वाक्य ऐकलं की मला कळतं, दिवस मिटला, सगळे आत आले. ते ज्या दिवशी ऐकू आलं नाही त्या रात्री मला झोप लागत नाही. काल ती काही बोलली नाही. रात्रभर मी जागी होते.

मला परसू सोडायचं काही वाटत नाही. भिंती काय, पडायलाच बांधलेल्या असतात. कोंबड्या सोडताना वाईट वाटेल, ते मी सोसेन. पण मला विचारलं असतं, की आई, तुम्हाला कोण हवं, तर मी माझ्या पोटच्या मुलाचंसुद्धा नाव घेतलं नसतं. त्याच्या बायकोचं घेतलं असतं. हे मी तिच्या तोंडावर सांगणार नाही. एवढी वर्षं कमावलेला दरारा एका वाक्यात घालवायचा काय?

शिंपीणबाई म्हणतात, हे तरी तिला कळायला हवं. मी म्हटलं, हे पत्र नातीला आहे, सुनेला नाही. त्या म्हणाल्या, "मग घडी घालून पाकिटात ठेवू का?" नको म्हटलं. तिथेच राहू द्या, टेबलावर, उघडं. वर फक्त मिठाची बरणी ठेवा, नाहीतर उडून जाईल. मला वाचता येत नाही, मी ते कुणापासून लपवू?

गुरुवार, सकाळ

हे पुन्हा तुझ्या आईचं अक्षर.

काल संध्याकाळी ती आली. चपला काढल्या. पिशवी ठेवली. टेबलावर मिठाची बरणी सरकल्याचा आवाज आला, मग कागदाचा. मी मागच्या दारात काळीकडे बघत बसले होते, म्हणजे काळीकडे तोंड करून कानाने मागे बघत होते. मग ती स्वयंपाकघरात गेली. तिथूनच म्हणाली, "आई, गॅस पुन्हा मोठाच ठेवलात." आवाज जरा भिजलेला होता. मी म्हटलं, "विसरले."

"विसरला नाहीत," ती म्हणाली. "मुद्दाम ठेवलात."

मग तिने खुर्ची ओढली. माझ्यासमोर बसली. तुझ्या बापालाही हाक मारली. तो खांबासारखा उभा राहिला, त्याला बसायला सांगावं लागतं. तिने विचारलं, "आई, तुम्हाला कुठे राहायचंय?"

"कागदावर आहे की," मी म्हटलं.

"ते मला नाही, तिला लिहिलंय. मला तोंडाने सांगा."

मी विचारलं, "सातव्या मजल्यावर खिडकी कुठल्या बाजूला आहे?"

तुझा बाप म्हणाला, "आई, तिथे तुला कोंडल्यासारखं होईल. लिफ्ट बंद पडली तर?"

"लिफ्ट बंद पडली तर? मग तुला कशासाठी पोसला?"

तुझी आई हसली. रविवारपासून पहिल्यांदा. मग म्हणाली, "आम्हाला वाटलं, तुम्ही कोंबड्यांशिवाय राहणार नाही. आमच्यात आणि त्यांच्यात निवडायला सांगितलं तर तुम्ही त्यांना निवडाल. म्हणून विचारलंच नाही."

"आणि मला वाटलं," मी म्हटलं, "तुम्हाला निवडायचं होतं ते निवडून झालंय."

मग तुझा बाप खोकला. त्याला काही सुचलं नाही की तो खोकतो. बापावर गेला आहे.

मी सुनेला म्हटलं, जा, ते रविवारचं पत्र आण आणि आता पुन्हा वाच. कोंबडी न घालता. तिने वाचलं. तू लिहिलं होतंस, आजीला जिना चढवेल का. आजीला धरायला दांडा बसवते आहे. आजी किती वेळा उठते, म्हणजे दिवा कुठे ठेवू. किती वर्षं जगते, हे मात्र तू खरंच कोंबडीबद्दल विचारलं होतंस. तेवढं वाचताना तुझी आई पुन्हा अडखळली, उलट बाजूने.

आणि एक ओळ तिने रविवारी वाचलीच नव्हती. "आजी आली तर संध्याकाळी मी कुलूप न उघडता घरात शिरेन." ती ऐकली आणि मी उठून परसात गेले. खुराड्याचं दार आधीच लावलेलं होतं, ते उघडून पुन्हा लावलं. थोडा वेळ लागला.

पिटुकले, तुला नाही म्हणणं मला सोपं गेलं असं समजू नकोस. तू मला बोलावलंस हे मी आता नीट ऐकलं आहे आणि ऐकलेलं मी सोडत नाही. तो दांडा काढू नकोस. तुझ्या आईशी माझं कडाक्याचं भांडण झालं की मी येणार आहे, आणि भांडण मी तुझ्या सुट्ट्या बघून काढीन.

कोंबड्या तुझ्याकडे येतील. तुझा बाप घेऊन येईल, त्याच्या हातात टोपली कशी द्यायची ते मी बघते. पहिले काही दिवस कोंड, मग सोड, आणि दिवेलागणीला खुराड्याचं दार तू स्वतः लाव, कुणावर टाकू नकोस. तुझ्या संध्याकाळीही काही वेगळं होतं का ते बघ. अंडी लगेच येणार नाहीत, नव्या जागी रुसतात. धीर धर. आणि काळीला आम्ही भर उजेडात उचलणार आहोत. टोचेल, ओरडेल, सगळ्या रांगेला ऐकू जाईल. जाऊ दे.

तुझी आई विचारते, खाली नाव काय घालू? अंगठा उठवू का? मी म्हटलं, अंगठा नको, नाव घाल. तुझ्या बापाने फोनवर माझं जे नाव पाडलं आहे ना, "खुडूक बसली का जागेवर?" असं जे तुम्ही तिघं मला बहिरी समजून बोलता, तेच घाल. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या आहेत. "आई, तुम्हाला हे कुणी सांगितलं?" म्हणते.

लिही, सूनबाई. अक्षर चांगलं काढ.

तुझी, जागा बदलली तरी माणूस न सोडणारी,

खुडूक